तीन वाव

ऊमान्नाकच्या कारखान्यात माझी पाळी चारला सुटते.
हाताला हलिबटचा वास. तो साबणाने जात नाही,
समुद्राने जातो.
दर गुरुवारी धक्क्यावर मी सात पोरींची वाट बघते.
पाच येतात.

सहावीची आई खिडकीतूनच ओरडते,
आज नको, तिची पाळी आहे.
अगं बाई, मीही पाळी करूनच आले की,
आठ तास, उभ्याने.

सातवी तू, इवालु.
आलीस, पण पालथ्या टोपलीवर बसून
बुटाची नाडी सोडतेस, बांधतेस.
म्हणतेस, कयाक हे बाप्यांचं काम, आजोबा म्हणतात.
बायकांची ती मोठी होडी असायची ना,
म्हातारी, तान्ही, कुत्री, भांडी, तंबू
सगळं एकदम नेणारी?

असायची. वल्हवायच्याही बायकाच.
पण माझ्या आत्याचं ऐक.

सिक्कर्सोक आत्याने एकतीस कयाक शिवले.
सांगाडा पुरुषांचा: लाकूड, तासणी, पाईप, गप्पा.
कातडं बायकांचं.
सील सोलायचा, चरबी खरवडायची,
ओलं आहे तोवर ताणायचं आणि शिवायचं,
असं, की सुई आरपार जाता कामा नये.
निम्म्या जाडीतून आत, निम्म्या जाडीतून बाहेर.
टाका पडतो, भोक पडत नाही.
एक टाका चुकला तर बुडणारा
घरचाच.

त्या धाग्याला काय म्हणतात, तुला मी काय सांगू?
जनावराच्या पाठीतली ती तात:
इवालु.
तू पहिल्यापासून कयाकमध्येच आहेस, पोरी,
फक्त शिवणीत.

एकतीस कयाक तिने पाण्यात लोटले,
एकातही बसली नाही.
का, विचारलं तर म्हणाली, माझ्या मापाचा नव्हता गं कुठला,
आणि कंबर थोपटत हसली.
मी पण हसले. लहान होते.

मग कळलं, कयाक अंगावर बेततात, सदऱ्यासारखा.
लांबी मालकाचे तीन वाव,
रुंदी कमरेइतकी आणि वर दोन मुठी.
आत्याचे हात कुणी कधी पसरून बघितलेच नाहीत.
बायकांना वाव नाही म्हणतात ना,
तर तो असा मोजतात:
या बोटाच्या टोकापासून त्या बोटाच्या टोकापर्यंत.
ऊठ. पसर.

मागच्या महिन्यात शेडच्या जमिनीवर
तुझी मापं मी खडूने काढली, आठवतं?
तू गेल्यावर तुझे आजोबा आले, भांडायलाच.
काठी टेकून खडूच्या रेघांकडे बराच वेळ बघत राहिले.
मग म्हणाले, दोन मुठी फार होतात. दीड घे.
पोर लुकडी आहे.
आणि पायानेच एक रेघ पुसली.

उलटशील. ते काही चुकत नाही.
पाणी तीन अंश, तोंडावर सुयाच सुया.
मी पहिल्यांदा उलटले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची होते
आणि पाण्याखाली ओरडले.
ओरडू नकोस, खारट लागतं.
खाली हिरवा उजेड असतो,
आणि स्वतःच्या छातीचे ठोके,
दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.
वल्हं पृष्ठभागाला लाव, कंबर झटक,
आधी होडी वर येईल, मग खांदे,
डोकं सगळ्यात शेवटी.
आपल्याला जन्मभर उलटं शिकवलंय.
डोकं जपा, कंबर झाका.

मी धरते मागून. पहिले दहा वेळा धरीन,
अकराव्यांदा सांगणार नाही सोडलं ते.

त्या पाचजणी बघ, निघाल्यासुद्धा;
मालिनाने वल्हं उलटं धरलंय, कुणी सांगा तिला.
जाताना त्या खिडकीखालून जाऊ,
सहावीला दिसू दे. तिच्या आईलाही.

ओहोटी साडेपाचला लागेल.
नाडी सोडलीच आहेस,
तर बूटही काढ.