तयार माप

राजारामपुरीत, नवव्या गल्लीत, जिना चढून वर.
"चप्पल बाहेर काढा" म्हणाली काउंटरवरची पोरगी,
आणि माझ्या पायांकडं बघून थांबली.
"कुठनं घेतलंसा हे?"
मी पदरामागनंच बोलले,
"केलंय."

सत्तावीस वर्षं वादी दातात धरली.
एक टोक दातात, दुसरं डाव्या हातात,
उजवा हात वेणी घालतोय.
ओल्या कातड्याचा तुरटपणा,
हिरडा हिरडीला लागायचा रोज.
पुढच्या दोन दातांत आधी खाच पडली,
मग एका गणपतीच्या गडबडीत टवकाच उडाला.
जोडी संध्याकाळच्या गाडीनं पुण्याला जायची होती.
टवका बोटानं काढून टाकला,
जोडी पुरी केली.

गेल्या साली एक फोटोवाला आलता.
"मावशी, हात काय सुंदर आहेत तुमचे!"
आणि नुसते हात घेतले, मनगटापर्यंत.
मला कळलं.
मोठ्या कागदावर छापून आले हात.
शेजारीण म्हणाली, कुणाचे गं हे?

इंगवले डॉक्टरीणबाईंनी डबा उघडला.
खणाखणांत दात, नुसते पुढचे पापुद्रे,
लसणाच्या सालाएवढे पातळ,
प्रत्येकाला नंबर.
"हे तयार मिळतात. लॅबला पाठवायचं नाही,
परत यायचं नाही.
बारा वाजता बसलात, तीनला उठाल."
"म्हंजे रेडीमेड?"
उभा जन्म गिऱ्हाइकांना दम दिला मी,
रेडीमेडनं टाच फुटती, माप देऊन जावा!
बाई हसल्या. "बसवताना घासते की तुमच्या मापाला."
खरं म्हणजे आमचाही तळ नंबरावरच कापतात.
अंगठा तेवढा पायावर बसवायचा.

रंगांची पट्टी दातांशी धरली.
सगळ्यात पांढरा दाखवला त्यांनी.
नको म्हटलं, नवं पायताण लांबनं ओळखू येतं.
तो द्या, तिसरा,
चहा पिणाऱ्या बाईचा.

मग निळी जेल, मग पाणी, मग वारा.
दात जरा खरवडून घेतले.
मी तोंड उघडं टाकून पडलेले, नाहीतर सांगितलं असतं,
आम्हीबी खरवडतो आधी,
गुळगुळीताला काय चिकटत न्हाई.
लुकण लावून अंगठ्यानं दाबलं,
निळा उजेड धरला, यंत्र टिट् म्हणालं.
एक. दुसरा. तिसऱ्याला कड जास्त झाली,
परत घासली. चौथा.

आरशात बघायच्या आधी
जीभच गेली बघायला.
खाच सापडंना तिला.
चुकून दुसऱ्याच्या घरात शिरल्यागत
दारातच उभी राहिली.

पावतीला नाव विचारलं. "मालन सातपुते."
आणि 'सा'मधली शिट्टी गेलेली!
पायताणातला विंचू काढून घ्यावा
आणि चाल एकदम मुकी व्हावी, तसं.

"दातानं काही तोडायचं नाही.
सुपारी नाही, दोरा नाही, वादी तर नाहीच."
"टिकतील किती?"
"नीट वापरलेत तर पाच-सात वर्षं. मग या परत."
पायताण देताना मी तरी दुसरं काय सांगते.

संध्याकाळी उंबऱ्यात बसले.
हात आपला आपण तोंडाशी गेला
आणि ओठापाशी अडला.
वादी तशीच लोंबत.
तृप्ती आतनं आली. "द्या इकडं, आत्या."
टोक तिनं दातात धरलं,
मान मागं ताणली,
बल्बचा उजेड नेमका तोंडावर.

वरच्या दाताला, डावीकडं,
केसाएवढी.

"सोड."
ती दातातनंच "काय?" म्हणाली.
"सोड म्हणते न्हवं! पक्कड आण,
त्याच्या गाडीच्या डिक्कीतली."

पक्कड वंगणानं काळी होती.
वेणीला डाग पडला, धुऊन जाईना.
ती जोडी काही विकली न्हाई.
मीच घालते.