सोळा किलो

साकोलीच्या पुढं, समुद्रापासून दोन रात्री लांब,
कापगते लाइनमनच्या पडवीत
पाणबुड्यांचे तीन टोप बसलेले असतात
धानाच्या कट्ट्यांवर.
अलंगच्या भंगारातले, ग्रॅच्युइटीच्या पैशातले.
दर आवसेला तो चिंच-राखेनं घासतो,
बारा बोल्ट मोजतो, गोल काचेवर फुंकर मारतो.

बायको म्हणते, एखादं गंगाळ तरी आणलं असतं.

मधला नकली आहे. वजनावरून कळलं,
आतली कल्हई फार नवी.
त्यालाही तो तेवढंच घासतो.

गेल्या हप्त्यात सोमा मारबते आला.
तलावात बुडालेलं माणूस काढायचं तर
पोलीस ह्यालाच उठवतात;
उघड्या डोक्यानं जातो, एका दमात.
म्हणाला, घालून पाहू का?

थोरला दोघांनी मिळून उचलला.
आत सोमा गप्प.
कोंबड्या फिरून गेल्या, चहा निवला.
काचेवर वाफ चढली,
कापगतेनं पुसली, जाईना. आतली होती.

काढल्यावर कान चोळत म्हणाला,
"खाली असाच आवाज रायते, भाऊ.
पण तिथं तो आपला नसते."

या आवसेला
थोरला तसाच राहिला.