तिसरं शून्य

गेटवरच्या फळ्याला तीन खिळे आहेत.
रोज सकाळी, भोंग्याच्या आधी,
मी पत्र्याचे आकडे बदलते.
अपघाताविना दिवस: चारशे बारा.
काल चारशे अकरा होते,
आणि काल दुपारी क्रशरच्या पट्ट्यात
इस्तारी सिडामची दोन बोटं गेली.

तरी चारशे बारा.

कारण इस्तारी आज कामावर आहे.
जिवतीच्या उतारावरच्या पोडावरून
जीप पाठवून आणला त्याला,
टाइम ऑफिसात कूलरपुढची खुर्ची दिली,
चहा दिला, बिस्किटाचा अख्खा पुडा दिला,
मस्टरवर उजव्या हाताचा अंगठा घेतला.
"जो माणूस हजर आहे," देवतळे साहेब म्हणाले,
"त्याचा अपघात मोजत नाहीत."
तसे ते वाईट नाहीत. पट्टी त्यांनीच बांधली,
आणि बांधताना कापत होते ते त्यांचेच हात.

मार्च आहे. एकतीस तारखेला नऊ दिवस.
मुंबईहून आलेलं कंपनीचं जाड पुस्तक
ग्रामसभेसाठी मराठीत उतरवायचं काम माझ्याकडे,
माझं अक्षर बरं आहे म्हणून.
पान एकशे अठरा. मोठ्या साहेबांचा पगार:
इतका नफ्यावर, इतका धुळीवर,
इतका लावलेल्यांतल्या जगलेल्या झाडांवर,
आणि इतका
या फळ्यावर.

चांगलंच आहे, असं वाटलं वाचताना.
खरंच वाटलं.
जिथं पैसा तिथं नजर, हे ओळखून
कुणीतरी ती नजर इकडे वळवायची सोय केली असेल.
नजर आलीही.
आकड्यापर्यंत आली, आणि तिथंच बसली.
धूळ मोजायचं यंत्र मागच्या महिन्यात
क्रशरजवळून उचलून
गेस्ट हाउसच्या कडुलिंबाखाली नेलं.
मेलेल्या रोपांच्या चकत्या सोडून
आपोआप उगवलेल्या बाभळींना बांधल्या.

इस्तारीचा वेळ जात नव्हता,
म्हणून त्याला वाचून दाखवलं.
तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला,
"म्हंजे ताई, मोठ्या सायबाचा पगार
माह्या बोटाइत होता?"
थोडा भाग, म्हटलं.
"मंग मले काहून नाही सांगतलं जी?
सांभाळली असती ना."

हसला. मीही हसले. कूलर घरघरत होता.
आणि माझा पगार कशावर आहे, त्यानं विचारलं.
हजेरीवर.
"ते बेस आहे. बसलोच आहो तं."
बायको पहाटेच मोहाखाली गेली, सांगत होता,
मोह वेचाले अंगठा अन् एक बोट पुरते.

चारशे तेरा.
चारशे चौदाला तपासनीस बाई आल्या,
फळ्यासमोर उभं राहून फोटो काढला,
आत येऊन इस्तारीला नमस्कार केला.
तो उठला, सवयीनं दोन्ही हात जोडले:
एक हात आणि एक पांढरं गाठोडं.
बाई थबकल्या.
देवतळे साहेबांनी खिडकीबाहेरची झाडं दाखवली.
बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.
टेबलाच्या या बाजूनं मला ते उलटं दिसत होतं,
वाचता आलं नाही.

त्या संध्याकाळी आकड्यांची पेटी उपसली.
एकापासून नवापर्यंत तीन-तीन पत्रे.
शून्यं दोनच.
फळा करणाऱ्याचा हिशेब बरोबर होता,
शंभराला दोन, पाचशेला दोन, नऊशेलाही दोनच.
तिसरं लागतं
फक्त एका दिवशी.

तेलाच्या पिप्याचं झाकण होतं, ते कापलं.
पांढरा हात दिला, वर काळं गोल ओढलं.
"थोडं वाकडं झालं जी," इस्तारी खुर्चीतून म्हणाला.

खिडकीत वाळत ठेवलंय.
खिडकीची एक फळी लागत नाही,
धूळ आत येते,
ओल्या काळ्या रंगावर बसते,
आणि तिथून ती कुणालाच हलवता येत नाही.