नमुना क्रमांक एकशे सतरा

नेरुळच्या दंतमहाविद्यालयात, तिसऱ्या मजल्यावर
मी ओठ गोळा करते.
गडद लिपस्टिक, चिकटपट्टी, पांढरं कार्ड.
प्रबंधाला दोनशे माणसं हवीत.
एकशे सोळा झाली.

दिवाळे गावची नागूबाय दाढ काढायला आली होती.
पाटी दाराबाहेर, सुरमईचा वास जिन्यापर्यंत.
"लाली? मना?
नवरा गेल्यावं कुंकूसुदा नाय लावला."
तरी बसली.
डोळे मिटून ओठ पुढे केले,
लहान मूल औषधाला करतं तसे.

पट्टी उचलली. खालच्या ओठाच्या मध्यावर
रेषा एकमेकींना छेदत गेलेल्या. तिसरा प्रकार.
डावीकडे एक फाटा, मध्येच तुटलेला,
ओहोटीला चिखलात पाणी वाट सोडून देतं तसा.

"यावरना मानूस वलखतान?"
म्हटलं, हो, बोटांसारखंच.
"आन् खाडीन गावलेला?"

मी कार्डावर तारीख घातली.
पाण्यातल्या देहाचे ओठ आधी जातात.
खेकडे कुठून सुरुवात करतात
हे मला पुस्तकातून ठाऊक,
तिला धंद्यातून.

आठवड्याने आली ती पदराखाली स्टीलचा पेला घेऊन.
पोटावर नाव कोरलेलं, जयदास.
"नऊ म्हयनं घासला नाय.
त्याचा वठ हाय यावं. बघ."

काळी पूड, खारीच्या केसांचा ब्रश.
श्वास रोखून फिरवला
तसा कडेवर ठसा उगवला.
ठसा नव्हे, ठशावर ठसा.
खालचा रुंद, पुसट,
कुणाचाही असू शकेल असा.
वरचा ताजा.
तिसरा प्रकार. डावीकडे तुटका फाटा.

कार्ड काढायची गरज नव्हती.

कधीतरी रात्री, घरात सगळे निजल्यावर,
बरोब्बर त्याच जागी टेकवून
ती पाणी पीत असणार.
पिऊन पिऊन
त्याला पुसत असणार.

"गावला?"

न्यायालयात असला पेला कुणी हातात धरणार नाही.
"दोघं आहेत," मी म्हटलं. "एकावर एक."
ती बराच वेळ पेल्याकडे बघत राहिली,
माझ्याकडे नाही.
मग पूड न पुसताच तो पदरात गुंडाळला,
पाटी डोक्यावर घेतली,
आणि जिन्यातून वळून विचारलं,
दाढंचं टाकं आज काढतीस
का सोमवारी येऊ?