वागे बाजार

जावात आठवडा पाच दिवसांचा.
आपला शब्द तिथे नेला की
तीन दिवस उरतातच हातात.
लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन.

वागेच्या दिवशी चिंचेखाली भरायचा,
म्हणून वागे बाजार.
वागेच्या दिवशी पोनिराला टोपलीमागेच कळा आल्या,
म्हणून मुलगी वागियेम.
नाव शोधायला वेगळा खर्च नाही.

चिंच सगळ्यांच्या आधीची.
मिठाच्या गाड्यांचे बैल तिथे सुटत.
बैलांसाठी गवत आलं, गाडीवानांसाठी भात,
भातासाठी सुके मासे,
माशांमागे मांजरं, सावकार,
आणि शेवटी कर घेणारा.

डच साहेबाने फीत काढली.
एक टोक चिंचेला बांधलं,
दुसरं पोनिराच्या सासूला धरायला दिलं.
ती हसत उभी राहिली
आपल्याच जागेची लांबी मुठीत घेऊन.
मग छप्पर आलं, ओट्यांना आकडे आले,
आकड्यामागे रोज एक पावती.

पावत्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.
डचांची मुकुटवाली, जाड.
जपान्यांची इतकी पातळ
की पलीकडचा मासा दिसे;
त्या वर्षी कापड मिळत नव्हतं,
सात वर्षांची वागियेम गोणपाट नेसून मिरच्या विके
आणि आग मिरचीची की तागाची, कळत नसे.
मग प्रजासत्ताकाची, ओल्या शाईची.
मग एका सालापासून
एकोणीस नंबरची पावती कोणी फाडेना.
सार्पिन विळे विकायचा तिथे.
महिनाभर त्या ओट्यावर कोणी टोपलीही टेकवली नाही.
नंतर टेकवली.

आग रात्रीची. आधी खोबरेल पेटलं म्हणतात.
पहाटे शहरभर भाजल्या कांद्याचा वास
आणि लोकांना, लाज वाटावी अशी,
भूक लागली.
चिंच उभ्या उभ्या जळाली.
डब्याचं फक्त झाकण सापडलं.

नव्या इमारतीत कारकून विचारतो,
ओटा तुमचाच होता, पुरावा?
झाकण आहे.
जन्मतारीख?
वागे.
ही तारीख नाही, आजी. साल?
चिंचेला पानं दिसत नव्हती इतक्या चिंचा, ते साल.
तो एक जानेवारी लिहितो.
सगळ्या म्हाताऱ्यांची तीच लिहितो.
नाव?
ती सांगते, आणि बोट करते
त्याच्या डोक्यावरच्या कोऱ्या पाटीकडे.
तो मागे वळून वाचतो.

मिळाला तिला ओटा. दुसरा मजला, दोनशे अकरा.
सरकता जिना पहिल्याच भरतीत बंद पडला,
समुद्र आता अमावास्येला तळमजल्यापर्यंत येतो.
वर गिऱ्हाईक चढत नाही.
म्हणून वागियेम फाटकाबाहेर पोतं अंथरते,
चिंच होती तिथे, किंवा चार हात इकडे.
पहारेकरी आधी हटकतो,
मग पावती फाडतो.
ती घडी करून कमरपट्ट्यात खोवते.

बाजार आता रोजच भरतो.
वागेच्या दिवशी मात्र ती दोन टोपल्या आणते.
दुसरी बहुतेकदा तशीच परत नेते.