जिऱ्याचा रंग

पाइप बसवला शनिवारी, घणसोलीत,
हसुराम मढवीच्या गॅरेजात.
जुना सायलेन्सर केवढा जड निघाला,
हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं.
नवा हलका, पोकळ.
किक मारली
आणि पत्र्याच्या शेडवरची कबुतरं एकदम उडाली.
मी खूश.
हसुराम हात पुसत म्हणाला, जेट बदलावा लागंल हां.
म्हटलं, बघू पुढच्या महिन्यात.

सोमवारी कळलं.
ठाणे-बेलापूर रोडवर, पुलाच्या उतारावर,
मूठ सोडली की मागून फट्, फट्फट्,
जणू जुनं भांडण कुणी
पाठीमागून उकरून काढतंय.
सिग्नलला पोटरीशी भट्टी.
पाइपचा गळा निळा पडलेला,
आणि साठच्या वर खेच नाही, नुसता आवाज.
माझ्यासारखंच, असं बायको म्हणाली.

अण्णा पावण्याच्या कंपनीत
एकतीस वर्षं बॉयलरवर होते.
कान तिथेच राहिले,
फंडाचे पैसे तेवढे घरी आले.
माझ्या नऊ हजारांच्या पाइपची डरकाळी
कोपरखैरण्याच्या अख्ख्या सेक्टरनं ऐकली,
त्यांनी नाही.
ते गॅलरीतून पाइपचा निळा गळा बघत होते.

खाली आले. म्हणाले, प्लग काढ.
रुमालात धरून उन्हाकडे केला.
चुन्यासारखा पांढराफटक.
"उपाशी हाय ही. नुसती हवा खातीया.
भाईर जायची वाट रुंद केलीस,
आत काय वाढलंस?"

मग बॉयलरचं निघालं.
चिमणीकडं बघून कळायचं म्हणे:
धूर पांढरा, हवा जास्त;
काळा, तेल जास्त;
आणि काहीच दिसत नसलं,
वरची हवा फक्त जराशी थरथरत असली,
तर तंबाखू मळायला हरकत नाही.

हसुरामकडे जेट असतात फिल्मच्या जुन्या डबीत.
नव्वद काढला, एकशेदहा घातला.
छिद्र डोळ्याला लावून मी आभाळ बघितलं.
आभाळाचा आकडा काही वाचता आला नाही.

रविवारी पहाटे, एमआयडीसीचा मागचा रस्ता,
एक कुत्रं आणि आम्ही दोघं.
मूठ पूर्ण, मग क्लच, मग स्विच बंद.
गाडी नि:शब्द घरंगळत राहिली
आणि थांबली ती त्यांच्याच कंपनीच्या गेटसमोर.
आता तिथं गोदाम आहे.
अण्णांनी वर बघितलं, जिथं चिमणी होती तिथं,
सवयीनं.
काही दिसत नव्हतं.

प्लग काढला, बोट भाजलं.
तव्याच्या बुडासारखा काळा.
"आता अजीर्ण."
एकशेपाच.
सुईची क्लिप एक खाच खाली,
हवेचा स्क्रू दीड फेरा,
पुन्हा तेवढंच अंतर, पुन्हा ती शांतता,
पेट्रोलचा वास हाताला, त्याच हातानं चहा.
तिसऱ्या वेळी अण्णांनी प्लग
नाकाजवळ नेला, दूर धरला, फिरवला.
"जिरं," म्हणाले.
कच्चं का भाजलेलं, विचारलं मी,
पण मी त्यांच्या पाठीमागे उभा होतो.

घरी येताना सिग्नलला गाडी उभी,
इंजिन चालू, फट् नाही, काही नाही.
अण्णांनी मागून खांदा दाबला.
"आवाज कसा हाय रं?"
काय सांगणार, हेल्मेटातून, मागे वळून,
आणि कुणाला.
हात मागे नेला,
त्यांच्या गुडघ्यावर बोटानं ठोकलं:
धक.
धक.
धक.
थोडा वेळ त्यांनी गुडघ्यानंच ऐकलं.
मग पुढे वाकून म्हणाले,
"मधली जागा वाढव जरा.
स्क्रू पाव फेरा सैल."