शंखाचं दूध

वाहाकाच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली
की मेलेसियो खडकांवर उतरतो,
मनगटावर सुताची ओली लड.
फटीतला शंख हळूच सोडवतो,
त्यावर फुंकर घालतो.
आतली गोगलगाय चिडते, थेंबभर दूध टाकते.
ते लडीला पुसून तो तिला
परत सावलीत चिकटवतो, वर पाणी शिंपडतो.

दूध आधी पांढरं. मग लिंबाचं पिवळं,
मग शेवाळी.
उन्हात चालता चालता
लड जांभळी होत जाते, कुणी न सांगता.

एलिहियाला घरात वासावरूनच कळतं:
लसूण आणि शिळा समुद्र.
तिच्या नेसूच्या कापडात पट्टे तीनच,
निळीचा, किरमिजी किड्यांचा आणि हा.

लग्नातला वांग्याच्या सालीसारखा गर्द.
थोरल्याच्या वेळचा आमसुली.
धाकटीच्या वेळचा
बीट उकडलेल्या पाण्याचा,
तोही दुसऱ्या पाण्याचा.

"विटला का गं?" धाकटी विचारते.
"हा विटत नाही. शंख उरले नाहीत."

आज आठ तास, पाच कोस खडक
आणि अर्धीच लड.
उरलेली पांढरी.
एलिहिया कमरेला माग बांधते,
ती तशीच चढवते.